राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि आक्कांची पायरी

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की बोलण्याची सुरुवातच एका प्रश्नाने होते. "पाणी किती आलंय?" उत्तर फुटांत मिळतं. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मी ग्रंथालय आणि माहितीशास्त्र शिकवते. माहिती लोकांपर्यंत पोचत नाही अशी तक्रार आमच्या विषयात सारखी ऐकू येते. इथे ती पोचलेली होती. तरीही २२ जुलै २०२१ ला एकाच घरातल्या चार माणसांनी दिवसभर पुराची माहिती आपापल्या रीतीने शोधली, चौघांनी चार अंदाज बांधले, आणि रात्री खालच्या फळीवरच्या शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला.

घर कुंभारांचं आहे, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे शेड, मागे राहतं घर. आमच्या घरचा गणपती बरीच वर्षं त्यांच्याकडूनच येतो, त्यामुळे येणं-जाणं जुनं. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती. कोरोनामुळे सरकारने मंडळाच्या मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा घातली होती. साहजिकच शेडमध्ये लहान मूर्ती जास्त, आणि लहान मूर्ती खालच्या फळ्यांवर. शाडू भाजत नाहीत, नुसता वाळवतात. त्याला पाणी लागलं की कडेपासून सुटत सुटत तो पुन्हा माती होतो. प्लास्टरच्या मूर्तीचा रंग फुगला तरी ती उभी राहते. शाडूची बसते.

त्या दिवाळीत मी चौघांशी वेगवेगळं बसून बोलले. एकत्र बसवलं असतं तर घरातला मोठा आवाज सगळ्यांची आठवण ठरवून गेला असता. प्रत्येकाला तेच विचारलं: त्या दिवशी पाण्याबद्दल पहिल्यांदा कुठे बघितलंत, मग कुठे, आणि बघायचं कधी थांबवलंत? अडचणीचा एकच प्रसंग घेऊन माणसाला पायरी पायरीने मागे नेण्याची ही पद्धत जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडली. आमच्या क्षेत्रात ती अजून कामाला येते. पुतण्याच्या मोबाइलमध्ये तर दिवसभराच्या खुणा शाबूत होत्या: काय उघडलं, कोणाला पाठवलं, फोटो किती वाजता काढला.

दादांपासून सुरुवात करते. वय पंचावन्नच्या पुढे, घरातले कर्ते. दादांनी दिवसभरात तीनच गोष्टी केल्या. सकाळी गगनबावड्याच्या मेहुण्यांना फोन केला. "कसा हाय पाऊस?" मेहुणे म्हणाले, "रात्रभर उसंत न्हाई. ओढं रस्त्यावर आल्यात." दुपारी दादा पंचगंगा घाटाकडे जाऊन स्वतः पाणी बघून आले. शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुलाच्या खांबांवरची जुनी खूण पाण्याला लागली का, हे आधी बघायची त्यांच्या वडिलांपासूनची सवय. संध्याकाळी पुन्हा मेहुण्यांना फोन. टीव्ही लावला नाही, मोबाइलवर आलेलं काही उघडलं नाही. "जो माणूस तिथं उभा हाय, त्यालाच विचारायचं," हा त्यांचा नियम. मेहुण्यांची बातमी सोन्यासारखी होती, हे मी मुद्दाम सांगते. पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने वाहते. गगनबावड्याकडचा पाऊस कुंभीतून येतो आणि शहरात पोचायला त्याला काही तास लागतात. तो फोन म्हणजे उद्याच्या पाण्याची आजची खबर होती. दादांनी ती ऐकली, मान हलवली आणि मनात ठेवली. घरात कुणाला सांगितली नाही. "सांगायचं काय त्यात, पाऊस तर सगळ्यांस्नी दिसतच हुता," असं ते मला म्हणाले.

पुतण्या चोवीस वर्षांचा. दादांच्या धाकट्या भावाचा मुलगा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, शेडमधला हिशोब आणि बुकिंग तो बघतो. त्या दिवशी सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत त्याचा मोबाइल थंड पडला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे नऊ गट, दोन स्थानिक बातमी वाहिन्या, जिल्हा प्रशासनाची पत्रकं, धरणांच्या साठ्याचे आकडे, उपग्रहाचं चित्र, कर्नाटकात अलमट्टीतून सोडलेल्या पाण्याचा आकडा. त्यातले बरेच आकडे खरे होते. दुपारी सायरन वाजतोय आणि राधानगरी धरणाच्या दरवाजांतून पाणी उसळतंय असा व्हिडिओ आला. त्याने तो चार जणांना पुढे पाठवला. तासाभराने कुणीतरी लिहिलं की हा २०१९ चा आहे. मग तो खरा की खोटा हे शोधण्यात त्याचा आणखी तास गेला. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव पूर्ण भरला की आपोआप उघडतात, त्यामुळे ते उघडले की नाही याकडे सगळ्या शहराचा कान असतो. पण राधानगरी फक्त भोगावतीवर आहे. धरणाच्या खाली आणि बाकीच्या नद्यांच्या खोऱ्यांत पडणारा पाऊस त्या दरवाजांना विचारून येत नाही. हे त्याला माहीत होतं, कारण तेही त्याने त्याच दिवशी वाचलं होतं. रात्री दहाला काकांनी विचारलं, "मग काय म्हणतोस?" त्यावर तो म्हणाला, "अजून कन्फर्म नाही."

वहिनींचा शोध दोन मिनिटांचा. अक्षरशः. सकाळी एकदा, संध्याकाळी सहाला एकदा, दोन्ही वेळा एकच आकडा: बंधाऱ्यावर किती? त्यांचा नियम पक्का होता, ४३ झालं की हलवायला लागायचं. आकडा खाली होता, त्या रंगकामाला बसल्या. चाळीसेक मूर्तींच्या डोळ्यांची आखणी व्हायची होती, आणि आखणीला बसलेल्या माणसाने उठायचं नसतं.

आणि आक्का. त्यांनी काहीच शोधलं नाही, असं बाकीचे तिघे मला म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आक्का दिवसभर मागच्या दारात बसून होत्या. तिथून नाला दिसतो. मी विचारलं, "आक्का, तुम्ही काय बघत होता?"

"नाल्याचं पाणी. कचरा कुठं जातोय ते. सकाळी नदीकडं जाईत हुता. दिवस मावळायला जाग्यावर थांबला. मी म्हटलो, आता हे मागं फिरणार."

शहरात पूर येतो तो बहुतेक वेळा असाच. नदी चढली की जयंती नाल्याच्या पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. फुगवटा येतो, आणि नाला उलटा वस्तीत शिरतो. नदी अजून लांब असते आणि पाणी मागच्या दाराने घरात असतं. आक्कांनी १९८९ चं पाणी बघितलं होतं, २००५ चं, २०१९ चं. मागच्या दाराच्या पाच पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीपर्यंत कुठल्या वर्षी पाणी आलं हे त्यांना बोटाने दाखवता येतं. २०१९ ची खूण त्यांनी खिळ्याने भिंतीवर ओढून ठेवली होती. थांबलेला कचरा बघून त्या एकदा आत ओरडल्याही: "पाणी चढायलंय रं!" वहिनी म्हणाल्या, "अजून त्रेचाळीस व्हायचंय, आक्का." पुतण्याच्या कानात इअरफोन होते. दादा घाटावरून यायचे होते.

रात्री अकराच्या सुमाराला पाणी पहिल्या पायरीला लागलं. मग चौघे उठले, शेजारची पोरं आली, वरच्या फळ्यांवरच्या मूर्ती माडीवर गेल्या, काही समोरच्या उंचावरच्या घरात गेल्या. खालची फळी राहिली. पुढच्या दोन दिवसांत बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०१९ सारखीच. पाणी उतरल्यावर वहिनींनी शेडचं दार उघडलं तेव्हा खालच्या फळीवर ओळीने पाट होते आणि प्रत्येक पाटावर मातीचा एक ढीग. काही ढिगांवर मुकुटाचा सोनेरी रंग तरंगून बसला होता. नावाच्या चिठ्ठ्या तेवढ्या ओल्या होऊन पाटाला चिकटून राहिल्या होत्या. आमच्या नावाची चिठ्ठीही त्यातच होती.

आता माझ्या विषयाकडे येते. माणसं माहिती वेगवेगळ्या तऱ्हेने शोधतात, यावर बरंच काम झालं आहे. फिनलंडमधल्या यानिका हाइनस्ट्रोम यांनी २००२ च्या आपल्या प्रबंधात तीनशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या शोधाच्या सवयी त्यांच्या व्यक्तिमत्त्वाशी आणि अभ्यासाच्या रीतीशी ताडून बघितल्या. त्यांना तीन धाटणी दिसल्या. काही जण वरवर झपाट्याने फिरतात आणि सोपं मिळेल ते उचलतात. काही जण जाळं रुंद टाकतात, जिथे तिथे डोकावतात. काही जण मोजक्याच ठिकाणी पण खोल बुडी मारतात. या घरात तिन्ही सापडतात असं सांगायचा मोह मलाही झाला. वहिनी झपाट्याच्या, पुतण्या रुंद जाळ्याचा, दादा बुडी मारणारे. वर्गात सांगायला हे छान आहे. पण मला ते पटेना, आणि त्याला कारण वहिनीच.

त्याच वहिनी रंगाच्या बाबतीत काय करतात ते मी बघितलं आहे. मूर्तीच्या अंगाला लागणारी एक विशिष्ट गुलाबी छटा मिळेना, तर त्यांनी कोल्हापुरातली दुकानं पालथी घातली, पेणच्या एका कारागिराचा नंबर मिळवून त्याला फोन केला, दोन कंपन्यांचे नमुने मागवून पाटीवर लावून आठवडाभर उन्हात ठेवले. हा शोध कुठल्याही संशोधकाला शोभेल असा. म्हणजे झपाट्याने उरकणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. रंगात त्या तज्ज्ञ आहेत, कुठे शंका घ्यायची हे त्यांना कळतं. पाण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे एक आकडा होता आणि तो पुरेसा वाटला. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये हेच मांडलं होतं: माणूस सगळे पर्याय तोलून सर्वांत चांगला निवडत नाही, आपल्या अपेक्षेला उतरणारा पहिला पर्याय मिळाला की थांबतो. सायमनना पुढे १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसामाणसातला फरक स्वभावात तर असतोच, पण त्या विषयाची किती जाण आहे आणि हातात किती वेळ आहे यानेही तो बदलतो. हाइनस्ट्रोम यांचे विद्यार्थी प्रबंध लिहीत होते, त्यांच्या हातात महिने होते. आमच्या या घराच्या हातात संध्याकाळ होती.

पुतण्याला घरात सगळ्यांनी दोष दिला. दिवसभर मोबाइल, आणि उपयोग शून्य. मला ते अन्यायाचं वाटतं. मार्शा बेट्स यांनी १९८९ मध्ये माहितीच्या शोधाला रानात फळं वेचण्याची उपमा दिली. आपल्याकडे करवंदं वेचतात तशी: एका जाळीवर मूठभर, मग पुढची जाळी, आणि वेचता वेचता आपल्याला नेमकं काय हवं हेही बदलत जातं. पुतण्याचं तेच झालं. सकाळी तो बघत होता "आज किती पाऊस". दुपारी "दरवाजे उघडले का". संध्याकाळी "हा व्हिडिओ खरा का". रात्री "अलमट्टीतून किती सोडलं". प्रत्येक जाळीवर काहीतरी मिळत होतं. फक्त मूळचा प्रश्न, आपल्या शेडमध्ये पाणी येणार का आणि कधी, तो कुठल्या जाळीवर मागे राहिला हे त्याला कळलं नाही. कॅरोल कुलथाऊ यांनी शाळा-महाविद्यालयातल्या मुलांच्या शोधाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की शोध सुरू केल्यावर मधल्या टप्प्यात गोंधळ आणि धास्ती वाढते, आणि प्रश्न नेमका झाला की मग ती उतरते. पुतण्या त्या मधल्या टप्प्यातून बाहेरच पडला नाही. त्याच्या मोबाइलमधल्या वेळा बघितल्या तर कळतं: दुपारपर्यंत तो दर वीस मिनिटांनी बघत होता, रात्री नवानंतर दर दोन-तीन मिनिटांनी. हा आळशी माणसाचा नमुना नाही. घाबरलेल्या माणसाचा आहे.

शिवाय २०१९ मध्ये तो वीस-बावीस वर्षांचा होता. पुराच्या पहिल्या दिवशी तोच म्हणाला होता, "काही होत नाही, मी बघितलंय." हे त्याने मला अगदी शेवटी सांगितलं, मोबाइल बाजूला ठेवून. तेव्हापासून तो खात्री झाल्याशिवाय बोलत नाही. शोध कुठे थांबवायचा हे माणूस मिळालेल्या माहितीवरून ठरवतो असं आपण धरून चालतो. या घरात ते प्रत्येकाने मागच्या ठेचेवरून ठरवलं होतं.

आता प्रश्नाबद्दल. रॉबर्ट टेलर नावाच्या ग्रंथालय-अभ्यासकांनी १९६८ मध्ये ग्रंथपालांना एक गोष्ट समजावून सांगितली. वाचक काउंटरवर येऊन जो प्रश्न विचारतो तो त्याच्या मनातला प्रश्न नसतो. मनातली अस्पष्ट गरज शब्दांत बसते, मग समोरची व्यवस्था काय देऊ शकेल याच्या हिशोबाने तिला कात्री लागते, आणि मग ती ओठावर येते. वहिनींच्या मनात होतं: खालची फळी कधी हलवू? समोर मिळण्यासारखं काय होतं? बंधाऱ्याचा आकडा. म्हणून प्रश्न झाला, "त्रेचाळीस झालं का?" पण ४३ ही नदीची धोका पातळी, ती त्यांच्या पायरीची पातळी नाही. शहराच्या कुठल्या भागात कुठल्या आकड्याला पाणी शिरतं हे प्रत्येक सखल वस्तीत वेगळं आहे. त्यांच्या मागच्या दाराला किती आकड्याला पाणी लागतं, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तरी ते घरातच होतं, हे मला सारखं टोचतं. आक्कांकडे पायरी होती, आकडा नव्हता. पुतण्याकडे तासातासाचे आकडे होते, पायरी नव्हती. दादांकडे उद्याचा पाऊस होता. वहिनींकडे निर्णय घेण्याची धमक होती. चौघांत "अमुक झालं की हलवायचं" असा स्पष्ट नियम फक्त त्यांनी केला होता, आकडा चुकीचा असला तरी. आक्कांनी काही शोधलं नाही असं म्हणणाऱ्या तिघांना मी पुन्हा विचारलं, "मग त्या दिवसभर मागच्या दारात का बसल्या होत्या?" दादा बराच वेळ गप्प बसले. आमच्या विषयातही हा दोष आहे. ज्याने काही टाइप केलं, कुणाला विचारलं, कुठे गेला, त्यालाच आम्ही शोधणारा म्हणतो. बसून लक्ष ठेवणारा माणूस आमच्या तक्त्यात सापडत नाही.

पुढचं काम पुतण्याने केलं. मी फक्त सुचवलं. २२ आणि २३ जुलैला त्याने मागच्या दाराचे फोटो काढले होते, गटांवर टाकायला. प्रत्येक फोटोवर वेळ होती. पहिली पायरी बुडताना, दुसरी, मग उंबरठा. त्या त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होतं हे जुन्या पत्रकांतून त्याने काढलं. एका वहीच्या पानावर दोन रकाने झाले: डावीकडे आक्कांची पायरी, उजवीकडे बंधाऱ्याचा आकडा. आक्का शेजारी बसून सांगत होत्या, "ही न्हवं, ह्याच्या खालची. हिला शेवाळ असतंय बघ." पहिल्या पायरीचा आकडा निघाला तेव्हा वहिनींनी तो दोनदा वाचायला लावला.

तो आकडा मी इथे देत नाही. तो त्या एका दाराचा आहे, दोन घरं सोडून तो लागू पडणार नाही, आणि त्याच दारालाही तो दर वर्षी तसाच लागू पडेल असं नाही. शहरात पाऊस किती झाला, नाला किती तुंबलाय, यावर तो खाली-वर होणार. म्हणून त्यांनी सावधगिरीसाठी त्यातून दोन फूट कमी केले, आणि उरलेला आकडा शेडच्या चौकटीवर लिहून त्याखाली लाल रंगाची रेघ मारली. सोबत ठरलं की मेहुण्यांचा फोन दादांनी सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून घ्यायचा. आक्कांनी "कचरा थांबला" म्हटलं की वहिनींनी ब्रश खाली ठेवायचा. पुतण्याने दर दोन तासांनी एकच आकडा मोठ्याने वाचायचा. बाकी काय वाचायचं ते त्याचं त्याने वाचावं.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. मी त्या संध्याकाळी तिथे होते. पुतण्याने आकडा वाचला. लाल रेघेवरचा आकडा अजून गाठायचा होता. आक्का मागच्या दारातून म्हणाल्या, "कचरा सावकाश झालाय, थांबला न्हाई." वहिनींनी दादांकडे बघितलं, दादांनी फोनकडे, आणि खालची फळी रिकामी करायला सुरुवात झाली. अंधार पडायच्या आत सगळ्या मूर्ती माडीवर होत्या.

पाणी त्या वर्षी पायरीपर्यंत आलंच नाही. आठवड्याने मूर्ती परत खाली उतरवताना दोन सोंडा तुटल्या. वहिनींनी त्या त्याच रात्री शाडू भिजवून जोडल्या.